नवरा घरातच आहे तरी हवाहवासा वाटतो, याला नेमका शब्द कोणता?

एक शब्द शोधतेय, मदत करा. नवरा परगावी वगैरे नाही, घरातच असतो, पण पलीकडच्या खोलीत दार लोटून त्याचे कॉल चालू असतात, कॉल संपले की मेल, मेल संपले की उद्याची तयारी, आणि जेवताना ताटाशेजारी फोन पालथा ठेवला तरी तो थरथरला की हात आपोआप तिकडे जातो. भांडण काही नाही. प्रेमाबद्दल शंका तर मुळीच नाही. मला तो अजून हवाय, बस एवढंच. पण सांगायला गेले की शब्द बसत नाही, 'तुझी आठवण येते' म्हटलं तर म्हणतो अगं मी इथेच तर आहे, आणि 'मिस करते' म्हटलं तरी तेच उत्तर. विरह म्हणजे फारच मोठं वाटतं. मग काय म्हणायचं याला?

— दुरावा?

— नाही हो, दुरावा म्हटलं की मनं लांब गेलीयेत असं वाटतं. अबोला तर अजूनच वेगळा, तो कुणीतरी धरलेला असतो. इथे कुणी काही धरलेलं नाहीये.

— विरह मोठा वाटतो हे खरं, पण तुमची अवस्था जुन्या लोकांनी ओळखली होती. भरताच्या नाट्यशास्त्रात नायिकेचे आठ प्रकार आहेत, त्यातली प्रोषितभर्तृका म्हणजे जिचा नवरा कामासाठी दूर देशी गेलाय ती, आणि भांडून मग झुरणारी ती कलहांतरिता, या दोघी तुम्ही नाही. पण विरहोत्कंठिता बघा. तिची व्याख्याच अशी आहे की अनेक कामांत गुंतल्यामुळे प्रियकर येत नाही आणि त्याच्या न येण्यानं जी व्याकूळ होते ती. म्हणजे कारण कामच, दुसरं तिसरं काही नाही! आणि त्या व्याख्येत 'गुंतणं' या अर्थाने जो शब्द आलाय तो चक्क 'व्यासंग', मराठीत आपण तो फक्त अभ्यासासाठी ठेवलाय. अर्थात जेवणाच्या टेबलावर 'मी विरहोत्कंठिता आहे' असं कुणी म्हणणार नाही हेही आहेच.

— 'करमत नाही' हा मला फार जवळचा वाटतो. 'मी' नाही, 'मला' करमत नाही, म्हणजे आपण काही करत नसतो, ते आपल्याला होतं, म्हणून त्यात दोष देणं येत नाही. पण तो बहुतेक 'तुझ्याशिवाय'च्या पुढे येतो, त्यामुळे समोरचा परत 'इथेच आहे की' म्हणू शकतो.

— मला यात 'वेळ' या शब्दाचं लिंग महत्त्वाचं वाटतं. जेवायची वेळ झाली, झोपायची वेळ झाली, ती वेळ. पण वेळ मिळाला, वेळ दिला, वेळ गेला, तो वेळ. एका घरात राहणाऱ्यांना 'ती' रोज सोबत मिळते आणि 'तो' मिळत नाही, तुमचं दुखणं तिथे आहे. आमच्याकडे उलट आहे, बायकोच्या शिफ्ट असतात आणि वाट मी बघतो. 'माझ्यासाठी सवड काढ' असं मी तिला म्हणत नाही, कारण सवड ही कामं उरकून राहिलेली असते, उरलंसुरलं मागितल्यासारखं वाटतं. सरळ 'तुझा सहवास हवाय' म्हणतो. हिंदीत या शब्दाला शरीरसंबंधाची छटा आहे, मराठीत तशी सहसा नाही, गुरूंचा सहवास, आजीचा सहवास आपण सहज म्हणतो. थोडा पुस्तकी आहे, पण तिला कळतो.

— ताई, तुम्हाला 'वाट्याला येणं' पाहिजे. 'तू माझ्या वाट्याला फार कमी येतोस.' माणूस घरात आहे, प्रेम आहे, सगळं आहे, फक्त वाटणीत आपल्याकडे थोडं आलंय. यात कुणी वाईट ठरत नाही, आणि 'इथेच आहे' हे उत्तरही देता येत नाही कारण तू कुठे आहेस हे विचारलेलंच नाही. शिवाय ऐकणाऱ्याला लगेच कळतं की बाकीचा वाटा कुठे जातोय.

— हाच! अगदी हाच. मला आधी 'ओढ' हा शब्द सुचला होता, माझ्या बाजूनं तो बरोबर होता, पण तो माझ्या मनाबद्दल सांगतो, त्याला काय करायचं ते सांगत नाही. आज रात्री फोन बाजूला ठेवायला सांगून हेच वाक्य म्हणणार आहे, आणि जमलं तर रविवारची सकाळ पण मागून घेणार आहे.

— मागाच. फक्त क्रियापद सांभाळा, 'वाट्याला येणं' आणि 'वाट्याला जाणं' यात फार फरक आहे, कुणाच्या वाट्याला जाणं म्हणजे त्याची कुरापत काढणं.