मदत हवी आहे: डीटीपीसाठी मॉनिटर, २४ इंच की २७?

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा. घरूनच मराठी आणि कन्नड डीटीपी करतो. १४ इंची लॅपटॉपवर वाकून वाकून मान धरते, म्हणून बाहेरचा मॉनिटर घ्यायचा आहे. बजेट सगळं धरून वीस हजार.

२७ इंची फुल एचडी बऱ्यापैकी स्वस्त मिळतो. पण १९२० बाय १०८० पिक्सेल तेवढेच, ते मोठ्या काचेवर पसरले की इंचाला ८२ च्या आसपास उरतात. २४ इंचात तेच ९२ होतात. रफार, जोडाक्षरं, कन्नडचे ओत्तक्षर (अक्षराखाली लागणारी जोडव्यंजनं) बारीक टायपात तपासायचे म्हटल्यावर हा फरक मला मोठा वाटतो. २५६० बाय १४४० चा २७ इंची घेतला तर १०९ पडतात, पण मग टेबलावरच्या बाकी सामानाला वीस हजारांतले काय उरणार? रोज असं काम करणाऱ्यांनी सांगा, बजेट ताणू का?

लॅपटॉपला एचडीएमआय आहे आणि एक टाइप-सी. सगळ्याच टाइप-सीमधून चित्र जात नाही, तर माझ्यातून जातं का हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

टेबल आजोबांचं, सागवानी, कड चांगलीच जाड. त्यावर मॉनिटर आर्मचा, म्हणजे मॉनिटर उचलून धरणाऱ्या दांड्याचा, क्लँप बसेल का? कीबोर्ड-माऊस साधे वायरचेच घेईन, त्यात डोकं घालवत नाही.

आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाईटचं काय होतं ते ठाऊकच आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण मॉनिटर? घरच्या इन्व्हर्टरवर लावलेला कुणाकडे आहे का?

बेळगावात चालू करून दाखवणारं दुकान असेल तर तेही सुचवा.