स्विच भाच्याला दिला, पण फोर्टनाइटमधून मुलाचं अकाउंट निघत नाहीये

लोकमान्यनगर_इंदूर

नमस्कार मंडळी. मुलगा यंदा अकरावीत गेला, कोचिंग सुरू झालं, म्हणून त्याने आपणहून त्याचा निन्टेंडो स्विच, म्हणजे गेम खेळायचं मशीन (कन्सोल), माझ्या भावाच्या मुलाला देऊन टाकला. भाचा दहा वर्षांचा आहे, ते लोक ग्वाल्हेरला लश्कर भागात राहतात. राखीला भाऊ आला होता तेव्हा डॉक, चार्जर, कार्ट्रिज सगळं त्याच्या बॅगेत भरून दिलं. आता झालंय असं की भाचा फोर्टनाइट हा ऑनलाइन गेम लावतो आणि ते थेट माझ्या मुलाच्या अकाउंटनेच उघडतं. इकडे मित्रांचे मेसेज, काल रात्री ऑनलाइन होतास मग बोलला का नाहीस, आणि हा बिचारा तेव्हा केमिस्ट्री करत बसलेला. त्याची चार वर्षांची स्किन्स, म्हणजे गेममधल्या पात्राचे पोशाख, आहेत त्यात, ती जातील म्हणून तो वेगळा कासावीस. मला काळजी दुसरीच आहे, ते सोळा वर्षांच्या मुलाचं अकाउंट, त्यात अनोळखी लोकांशी बोलणं सुरू असतं आणि तिकडे हेडफोन लावून बसलाय दहा वर्षांचा पोरगा.

आम्ही निन्टेंडोचा पासवर्ड बदलून पाहिला, काही फरक नाही. जेल रोडला एका दुकानात विचारलं तर म्हणाले फोनवर सांगतो तसं करा, पूर्ण रीसेट मारा, पाच मिनिटांचं काम. पण मी भावाला थांबवलं, कारण त्यात अॅनिमल क्रॉसिंग या गेममधलं बेट आहे. 2020 च्या लॉकडाउनमध्ये मुलगा आणि माझे सासरे रोज संध्याकाळी ते खेळायचे, आप्पांचा त्यात वेगळा यूजर आहे, त्यांचं घर आहे, गुलाब लावलेत त्यांनी ओळीने. आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. ते बेट पुसलं जाऊ नये आणि फोर्टनाइटमधून मुलगा बाहेर यावा, दोन्ही होईल का?

मालवी_गेमर

ताई, सिस्टिम सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली सिस्टिम, त्यात फॉरमॅटिंग ऑप्शन्स आणि मग इनिशियलाइज कन्सोल. मशीन कोरं होतं, भाचा नव्याने सुरू करेल. आम्ही जुने स्विच विकतो तेव्हा हेच करतो.

रामबागवाला

इनिशियलाइज अजिबात करू नका!! ताई, भावाला आत्ताच फोन करून सांगा की यूजर डिलीट किंवा इनिशियलाइज असं काहीही दिसलं तर हात लावायचा नाही. विकताना ते बरोबर आहे पण इथे बेट जाईल.

आता नीट सांगतो, कारण लोक इथेच गोंधळतात. तुमच्या मशीनवर अकाउंट एक नाहीये, दोन आहेत. एक निन्टेंडोचं, ते कन्सोलवरच्या यूजरला जोडलेलं असतं आणि गेमची सेव्ह, म्हणजे आतापर्यंत खेळलेलं सगळं, त्या यूजरखाली राहते. दुसरं एपिक गेम्सचं, फोर्टनाइट त्याच्यावर चालतं आणि स्किन्स, मित्र, लेव्हल सगळं त्या एपिकच्या अकाउंटात असतं, मशीनमध्ये नाही. मुलाने पहिल्यांदा खेळताना ही दोन्ही एकमेकांना जोडली, त्यामुळे आता त्याच्या यूजरने फोर्टनाइट उघडलं की पासवर्ड न विचारता गेम आत जातो. निन्टेंडोचा पासवर्ड बदलून ही जोडणी तुटत नाही, म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही.

तोडायची ती जोडणी, आणि ती इंदूरमध्ये बसून तुटते, स्विच हातात असायची गरज नाही. मुलाने ब्राउझरमधून एपिकच्या साइटवर लॉगिन करावं, अकाउंट सेटिंग्जमध्ये जोडलेल्या अकाउंट्सचा भाग आहे, तिथे निन्टेंडोसमोर डिस्कनेक्ट करावं. मग पासवर्ड आणि सिक्युरिटीच्या पानावर जाऊन सगळीकडून साइन आउट करायचं बटण दाबावं, पासवर्ड बदलावा, आणि टू फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं कुलूप) लावलं नसेल तर तेही लावून टाकावं. स्किन्स कुठेही जात नाहीत, उद्या तो कॉम्प्युटरवर त्याच अकाउंटने आला तर त्याची स्किन्स त्याला दिसतील.

आणि एक, हे फार महत्त्वाचं आहे. त्यानंतर भाच्याने तुमच्या मुलाच्या यूजरने फोर्टनाइट पुन्हा उघडायचंच नाही, कारण गेम विचारेल अकाउंट जोडायचं का, आणि पोरगं हो हो करत नवीन एपिक अकाउंट तुमच्या मुलाच्या निन्टेंडोला चिकटवून बसेल. स्विचवर प्रत्येक यूजरला वेगळं कुलूप लावता येत नाही, तेव्हा हे त्याला समजावूनच सांगावं लागेल. त्याच्यासाठी नवीन यूजर बनवा.

दांडियाबाजार_बडोदा

रामबागवाला बरोबर सांगून राहिलेत. माझा अनुभव लिहितो म्हणजे कोणी तीच चूक करणार नाही. मी 2021 मध्ये बहिणीच्या मुलीला स्विच देताना आधी मेमरी कार्ड काढून घेतलं आणि मग माझा यूजर डिलीट केला, मनात हे की सेव्ह कार्डावर असणार, आपण जुन्या फोनचे फोटो जपतो तसं. स्विचमध्ये तसं नसतं. कार्डावर डाउनलोड केलेले गेम आणि स्क्रीनशॉट राहतात, सेव्ह मात्र नेहमी कन्सोलच्या आतल्या मेमरीतच असते, यूजर गेला की ती गेली. झेल्डा गेमचे दीडशे-पावणेदोनशे तास होते माझे. क्लाउड बॅकअप पैसे भरून घेतलेल्या ऑनलाइन मेंबरशिपवर मिळतो, तो मी घेतला नव्हता.

ताई, तुमच्या बाबतीत तर तोही सरळ उपयोगाचा नाही, कारण अॅनिमल क्रॉसिंग नेहमीच्या सेव्ह क्लाउडमध्ये जातच नाही. एका कन्सोलवर एकच बेट असतं आणि त्यावर आठ जण राहू शकतात. दुसऱ्या स्विचवर अख्खं बेट न्यायचं असेल तर निन्टेंडोचं फुकटचं आयलंड ट्रान्सफर टूल आहे, पण दोन्ही कन्सोल शेजारी लागतात. आत्ता तुमच्याकडे दुसरा नाहीच, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचं बेट सध्या फक्त त्या ग्वाल्हेरच्या मशीनमध्ये आहे हे धरूनच चाला. आप्पांचा यूजर, मुलाचा यूजर, दोन्ही तसेच राहू द्या.

मालवी_गेमर

बेटाचं मी नीट वाचलंच नाही, माफ करा ताई. रीसेट नका करू.

लोकमान्यनगर_इंदूर

भावाला लगेच फोन केला, त्याने कशालाच हात लावलेला नाही, जीव भांड्यात पडला. मुलगा क्लासहून आला की एपिकचं करतो म्हणालाय. आता भाच्याचा नवीन यूजर बनवताना त्याचं वय खरं टाकायचं का? त्याच्या मित्रांनी त्याला सांगितलंय की मोठं वय टाक नाहीतर गेम चालत नाही.

रामबागवाला

खरंच टाका, मित्रांचं ऐकू नका. तेरा वर्षांखालच्या मुलाचं निन्टेंडो अकाउंट आईवडिलांच्या अकाउंटखाली फॅमिली ग्रुपमध्ये बनतं, म्हणजे आधी तुमच्या भावाचं किंवा वहिनींचं अकाउंट हवं. एपिकवरही खरं वय टाकलं तर डिसेंबर 2022 पासून लहान मुलांना वेगळं, मर्यादित अकाउंट मिळतं. त्यात गेम चालतो, पण पालकांनी ईमेलवरून परवानगी देईपर्यंत बोलणं आणि खरेदी दोन्ही बंद राहतं. तुम्हाला जी हेडफोनची काळजी आहे ना, तिचा इलाज हाच आहे. मोठं वय टाकलं की ही सगळी दारं उघडी.

शिवाय फोनवर निन्टेंडोचं पॅरेंटल कंट्रोल्स अॅप आहे, ते तुमच्या नावाने असेल तर काढा आणि भावाच्या फोनवर जोडू द्या, किती वेळ खेळला ते त्याला दिसेल.

दांडियाबाजार_बडोदा

आणि ईशॉपमध्ये, म्हणजे निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानात, मुलाच्या अकाउंटला कार्ड सेव्ह असेल तर वेबसाइटवरून काढून टाका. गिफ्ट कार्डाचे डॉलर उरले असतील तर घाबरू नका, ते अकाउंटवर असतात, मशीनबरोबर ग्वाल्हेरला जात नाहीत.

लोकमान्यनगर_इंदूर

झालं!! परवा रात्री मुलाने एपिकवरून डिस्कनेक्ट केलं, सगळीकडून साइन आउट केलं, दहा मिनिटं पण लागली नाहीत. स्किन्स सगळी आहेत, त्याने मोजून बघितली. वहिनींनी त्यांचं अकाउंट उघडून भाच्याचं खरं वय टाकून त्याखाली बनवलं. बोलायची परवानगी अजून दिलेली नाही, तो रुसलाय थोडा.

काल त्याचा व्हिडिओ कॉल आला. नवीन यूजरने त्याने अॅनिमल क्रॉसिंग उघडलं तर गेमने त्याला आप्पांच्याच बेटावर उतरवलं, एक तंबू दिला, तो त्याने आप्पांच्या घराशेजारी लावलाय. म्हणाला, आत्या, इथे सगळीकडे गवत माजलंय, पण गुलाब आहेत अजून, पसरलेत उलट, मी गवत काढू का? मुलगा माझ्या मागे उभा राहून ऐकत होता, तोच म्हणाला, काढ, पण निळे गुलाब तोडू नकोस, ते आजोबांनी महिनाभर खपून आणलेत.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.