पुएब्ला (मेक्सिको): एकच दिवस, चर्च-म्युझियम कोणती? मदत हवी आहे

पाटी_कोरी: पुएब्लात एक दिवस मोकळा आहे. यादी: कॅथेड्रल, रोझारियो चॅपेल, पालाफोक्सियाना ग्रंथालय, आम्पारो म्युझियम, बरोक म्युझियम. क्रम सांगा. जरा लवकर प्लीज.

घाटवाट: वार कोणता?

पाटी_कोरी: वाराने काय फरक पडतो? सोमवार.

घाटवाट: पडतो हो. सोमवारी पालाफोक्सियाना आणि बरोक दोन्ही बंद. आम्पारो मंगळवारी बंद असतं, सोमवारी उघडं आणि तेही फुकट. रोझारियो सकाळीच उरका, दुपारी दार लावतात. बाहेर वेगळी पाटी शोधू नका; सांतो दोमिंगो चर्चमध्ये शिरून पुढे डावीकडे. १६९० चं काम, गिलाव्यावर सोन्याचा वर्ख. तिथून ५ दे मायो रस्त्याने सरळ खाली झोकालो चौक, मग कॅथेड्रल, त्याच्या मागे आम्पारो. गच्चीवर जाच, कॅथेड्रलचे मनोरे तिथून छान दिसतात.

तर्कट: पत्ता अर्धवट वाचू नका. ५ ओरिएंते आणि ५ पोनिएंते म्हणजे एकाच रस्त्याचा पूर्व आणि पश्चिम भाग. आडव्या रस्त्यांचे सम आकडे चौकाच्या उत्तरेला, विषम दक्षिणेला.

डोंगरदेव: सोनं बघून डोळे दुखतील. शेजारचं चोलुला गाव गाठा! पिरॅमिडवर चर्च, खाली कापिया रेआल या चॅपेलला ४९ घुमट. तिथल्याच तोनान्त्सिन्त्ला गावचं चर्चही बघा, आत फोटो काढू देत नाहीत.

तर्कट: प्रश्न पुएब्लाचा आहे. चोलुला घातलंत की आम्पारो गेलं.

डोंगरदेव: जाऊ दे की. म्युझियम कुठेही असतात.

वसईकर_७: कुएर्नावाकाच्या कॅथेड्रलमध्ये जपानात नागासाकीला १५९७ साली क्रुसावर चढवलेल्या ख्रिस्ती हुतात्म्यांची भित्तिचित्रं आहेत. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया त्यांतलेच!

तर्कट: ते वेगळं शहर, वेगळं राज्य. भारताचा धागाच हवा तर पुएब्लातलं ला कोम्पान्यिया चर्च चौकापासून जवळच आहे. हिंदुस्थानातून मनिलामार्गे गुलाम म्हणून आणलेली कातारिना दे सान हुआन १६८८ साली वारली, तिची समाधी तिथे.

चिंगी_ताई: शाकाहारी असाल तर चालुपा (मक्याच्या छोट्या पोळ्या) नको, डुकराच्या चरबीत तळतात. राजम्यातही चरबी असते. 'सिन मांतेका' (चरबीशिवाय) म्हणायचं. मोले नावाच्या रश्श्यात कोंबडीचं पाणी.

पाटी_कोरी: मी मटण खातो हो. बरं, मंगळवारी दुपारी ३ ची बस आहे. सकाळी बरोक होईल?

घाटवाट: हे आधी सांगायचं ना! बस स्टँड उत्तरेला, बरोक पार नैऋत्येला. बॅगा घेऊन धावपळ होईल. उघडल्या उघडल्या पालाफोक्सियाना घ्या, ५ ओरिएंते, वरचा मजला. १६४६ ची स्थापना, ४५,००० ग्रंथ, पण दालन एकच. अर्धा तास पुरे.