फेरी काढा, पण टेप घेऊन

वर कोणीतरी लिहिलंय, की महापालिका फूटपाथ नीट करत नाही तोवर नुसत्या चालण्याच्या फेऱ्या काढून काय उपयोग. मला अर्धंच पटलं. आम्ही सहा-सात जण दर रविवारी मोजायची टेप घेऊन एकेक रस्ता चालतो. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे देशातल्या रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था, तिच्या निकषानुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. आमच्या शाळेच्या गल्लीत विजेचा डीपी बॉक्स आणि भिंतीमध्ये जेमतेम दोन फूट उरतात. सोबतच्या आजी तिथे दरवेळी गुडघा धरून रस्त्यावर उतरतात. मापासकट फोटो अर्जाला जोडले, तेव्हा कुठे पाहणीला माणूस आला. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन झाला. तशी एक संध्याकाळ तुमच्या बाजारपेठेसाठी मागा. दुकानदारांशी मात्र आधी बोला.