मदत हवी आहे: शाखा व्यवस्थापनाचा दर्जा मोजायचा कसा?

हिशेबनीस: आमच्या सूक्ष्मवित्त संस्थेच्या एकाच तालुक्यातील दोन शाखांचे व्याजदर, नियम आणि कर्मचारीसंख्या सारखी असूनही एकीचा खर्च दुसरीच्या जवळजवळ निम्मा आहे. हा फरक शाखा व्यवस्थापकाच्या कुवतीमुळेच आहे, असे सोमवारच्या अहवालात आकड्यांनिशी मांडायचे आहे. कृपया पद्धत सुचवावी, तातडीचे आहे.

ताळेबंद: निम्मा म्हणजे येणे (अजून वसूल व्हायच्या) कर्जाच्या शेकडेवारीत, की दर कर्जदारामागे? एका कर्जदारामागे वर्षाला ३,००० रुपये खर्च होत असतील, तर ३०,००० रुपयांच्या सरासरी येणे कर्जावर तो १० टक्के दिसतो आणि ६०,००० रुपयांवर ५ टक्के. यात व्यवस्थापकाचे कर्तृत्व ते काय?

हिशेबनीस: शेकडेवारीत. त्या शाखेची कर्जे मोठी आहेत खरी, पण ते लिहिण्याची गरज वाटली नाही.

वसुलीवाला: तीस दिवसांहून अधिक थकलेली कर्जे पाहा, बाकी सारे गौण. जिची सेंटर मीटिंग (कर्जदारांच्या गटाची हप्ते भरण्याची बैठक) वेळेवर सुरू होते ती शाखा चांगली, हा माझा बारा वर्षांचा अनुभव आहे.

ताळेबंद: असहमत. सूक्ष्मवित्त संस्थांवर निर्बंध घालणाऱ्या ऑक्टोबर २०१० च्या अध्यादेशापूर्वी आंध्र प्रदेशातही वसुली उत्तमच दिसत होती. एकाच बाईला अनेक संस्था कर्ज देत असल्याने एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून भरला जात होता, हे नंतर उघड झाले.

वसुलीवाला: तेथे राजकीय मंडळींनीच हप्ते भरू नका असे सांगितले, हे सोयीस्करपणे विसरू नये.

परिपत्रक: १ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने व्याजावरील कमाल मर्यादा काढली असून कुटुंबाचे सर्व हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांत बसवणे बंधनकारक केले आहे.

ताळेबंद: व्याजाबद्दल कोणी विचारलेले नाही. मात्र ते उत्पन्न घरी जाऊन पडताळले, की फॉर्म भरण्यापुरते लिहिले, यात व्यवस्थापनाचा दर्जा नक्की दिसतो.

संशोधक: डेटा एन्व्हलपमेंट अॅनालिसिस (अनेक शाखांचा खर्च आणि काम एकमेकांशी ताडून कार्यक्षम शाखा ठरवण्याची पद्धत) वापरावे.

ताळेबंद: केवळ दोन शाखांवर? दोन्ही कार्यक्षमच ठरण्याचा संभव अधिक. त्यापेक्षा दर फील्ड ऑफिसरमागे कर्जदार किती, वर्षात किती जण नोकरी सोडून गेले आणि अंतर्गत तपासणीतील किती शेरे पुन्हा निघाले, हे पाहावे. दोन्ही व्यवस्थापक किती काळ त्या जागी आहेत?

हिशेबनीस: दुसरीचे सहा वर्षे आहेत. पहिलीचे चार महिन्यांपूर्वी बदलून आले.

ताळेबंद: मग वर्षभराचा कमी खर्च आपण कोणाच्या नावावर मांडणार आहात?