चुलीचा जुना ओटा स्वतःच नवा करायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोलीच्या आमच्या जुन्या घरात चुलीचा चिऱ्याचा ओटा आहे. मोडायचा नाही, चवथीचं (गणेशचतुर्थीचं) रांधप आई अजून तिथेच करते. मागे कुणीतरी त्यावर सिमेंटचा गिलावा मारला. आत ओल अडकून आता पोपडे सुटतायत. तो खरवडून चुन्याचा गिलावा मीच करणार आहे. पण जाळाच्या तोंडाशी चुना टिकेल का, की तिथे जाळ सोसणाऱ्या भट्टीच्या विटा बसवू? (टाइल्स सुचवू नका, तापून तडकतात.) भिंतीवरची काजळी रंगातून परत वर येते, आधी काय लावता? खरी धास्ती धुराड्याची: कौलांतून पत्र्याचा पाइप काढायचाय, तर लाकडी वाशांपासून किती अंतर ठेवू? आणि पावसात तिथून गळू नये म्हणून काय करता?