मदत हवी आहे: आईला पहिल्यांदा टाटाला नेतोय, तयारी काय करू?

मंडळी, येत्या रविवारी रात्रीच्या सिद्धेश्वरने आईला घेऊन सोलापूरहून निघतोय. सोमवारी परळच्या टाटा मेमोरियलला नवीन फाईल काढायची आहे. आई ५८ वर्षांची. गाव अक्कलकोट तालुक्यात. चाळीसएक वर्षं मिश्री लावते. गालाच्या आतली जखम तीन महिने भरेना, तिखट सोसेना, म्हणून सोलापुरात तुकडा काढून तपासला. रिपोर्टमध्ये स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर आलाय.

माझ्याकडे बायोप्सीचा कागद, सीटीच्या फिल्म, आधार आणि केशरी रेशनकार्ड आहे. एवढ्यावर भागेल का? तिला साखरेची आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, ती बंद करायची का? त्याच बाजूची एक दाढ हलतेय, जाण्याआधी इथेच काढून टाकू का? जनरलमध्ये फाईल काढावी की प्रायव्हेटमध्ये? आणि राहायचं कुठे? मुंबईत आमचं कुणी नाही.

खरा प्रश्न वेगळाच आहे. आईला आम्ही ‘गाठ आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवू’ एवढंच सांगितलंय. पण आमच्याकडे ‘टाटाला नेलं’ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. तिला दवाखान्याचं नाव न कळू देता नेता येईल का? मामा म्हणतात, सांगू नकोस, खचेल.

प्रतिसाद:
दादा, कागदावर भागणार नाही. जिथे बायोप्सी झाली तिथून काचेच्या स्लाइड आणि तो तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक, दोन्ही मागून घ्या. टाटात ते स्वतः पुन्हा बघतात. आमच्या लॅबने ब्लॉक द्यायला दोन दिवस टोलवाटोलवी केली होती, तेव्हा आजच जा. सीटीची सीडीही घ्या, नुसत्या फिल्म नकोत. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट असेल तर ठेवा, शिरेतून औषध देऊन करतात त्या कॉन्ट्रास्टच्या सीटीआधी विचारतात.

दाढेला हात लावू नका. गाठीजवळचा दात तिथले डॉक्टरच ठरवून काढतील. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, पाकिटं सोबत न्या आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे आठवणीने सांगा. फाईल जनरलमध्ये काढा. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारच्या मूळ प्रती हव्यात, आणि मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, दोन्हीकडे आधी फोन करा. पहिल्याच दिवशी उपचार सुरू होत नाहीत. तपासण्या होतात, मग सर्जन, रेडिएशनवाले आणि केमोवाले मिळून ठरवतात. चार-पाच दिवसांचे कपडे न्या. तोंड कमी उघडत असेल तर पेज, ताक जाईल असा डबा-चमचा ठेवा.

आता आईचं. माझ्या वडिलांना आम्हीही सांगितलं नव्हतं. रांगेत शेजारच्या बाई त्यांना सहज म्हणाल्या, “माझं स्तनाचं, तुमचं कुठलं?” दिवसभर ते आमच्याशी बोलले नाहीत. मामांना राग येऊ दे, घरी असतानाच सांगा. गाडीतही नको, तिथे रडायला आडोसा नसतो.

धागाकर्ता:
ताई, काल रात्री सांगितलं. म्हणाली, “मला बाहेर बसवून तुला एकट्याला आत बोलावलं, तेव्हाच समजलं होतं.” मग बराच वेळ गप्प. नंतर विचारलं, चार दिवस म्हशीची धार कोण काढणार? मामाच काढणार आहेत.

स्लाइड मिळाल्या. ब्लॉक उद्या देतो म्हणालेत, सकाळी जाऊन बसतो.